नॅरोगेज प्रतिकृती रेल्वे

नॅरोगेज प्रतिकृती रेल्वे म्हणजे अरुंद रुळांवर धावणाऱ्या प्रत्यक्षातील रेल्वेची इंजिने, डबे, वाघिणी, रूळमार्ग आणि भोवतालचा परिसर ठरावीक प्रमाणात लहान करून घडवण्याचा छंद होय. प्रतिकृती रेल्वे या व्यापक छंदाची ही एक शाखा आहे. तयार इंजिन आणि तयार रूळ विकत घेऊन मांडणी करणे ब्रॉडगेज किंवा स्टँडर्ड गेजच्या छंदात शक्य असते. नॅरोगेजमध्ये, विशेषतः भारतीय नॅरोगेजमध्ये, बहुतेक वस्तू हाताने घडवाव्या लागतात. त्यामुळे या शाखेत खरेदीपेक्षा मोजमाप, रेखाटन आणि कारागिरी यांना अधिक महत्त्व आहे.

भारतात १६७६ मिमी रुंदीच्या मार्गाला ब्रॉडगेज, १००० मिमीच्या मार्गाला मीटरगेज आणि त्याहून अरुंद मार्गाला नॅरोगेज म्हणतात. नॅरोगेजची ७६२ मिमी (अडीच फूट) आणि ६१० मिमी (दोन फूट) ही दोन मापे भारतात प्रचलित होती. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात: नेरळ–माथेरान मार्ग ६१० मिमीचा आहे, तर बार्शी लाइट रेल्वे, पाचोरा–जामनेर आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथून जाणारी शकुंतला रेल्वे हे मार्ग ७६२ मिमीचे. यांपैकी बार्शी मार्गाचे पूर्णपणे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आहे आणि शकुंतलेच्या गाड्या थांबल्या आहेत. मूळ वस्तू डोळ्यांसमोरून नाहीशी होत असताना तिची प्रतिकृती करणे हे या छंदाचे महाराष्ट्रातील वैशिष्ट्य म्हणता येईल.

प्रमाण आणि गेज

नवशिक्याचा सर्वाधिक गोंधळ प्रमाण आणि गेज या दोन संज्ञांमध्ये होतो. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटींनी लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधले अंतर. एचओ या जगभर रूढ असलेल्या प्रमाणात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान होते (१ : ८७) आणि तिच्यासाठी १६.५ मिमी गेजचे रूळ वापरतात. हे माप युरोप-अमेरिकेतील १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजशी जुळते. नॅरोगेजची प्रतिकृती करताना प्रमाण तेच ठेवायचे आणि गेज मात्र कमी करायचे असते. इंजिन, माणसे, झाडे, फलाट हे सारे १ : ८७ याच मापाचे राहते, केवळ रूळ जवळ येतात.

रूळ जवळ आणायचे तर ते नव्याने बनवणे आले. परंतु येथे एक सोयीचा योगायोग उपयोगी पडतो. एन नावाच्या १ : १६० या लहान प्रमाणातील स्टँडर्ड गेजचे रूळ ९ मिमी गेजचे असतात. ७६२ मिमीला ८७ ने भागले तर ८.७५ मिमी येतात. म्हणजे एन प्रमाणासाठी बनलेल्या रुळांवर आणि यंत्रणेवर १ : ८७ मापाचे डबे चढवले, की पाव मिलिमीटरच्या फरकाने अडीच फुटी नॅरोगेज तयार होते. या जोडणीला युरोपात एचओई आणि अमेरिकेत एचओएन-३० म्हणतात; तीस म्हणजे तीस इंच. युरोपीय मानकांत ६५० ते ८५० मिमीच्या मूळ गेजसाठी 'ई' हे अक्षर ठरलेले आहे, तर मीटरगेजसाठी 'एम'. ब्रिटनमध्ये १ : ७६ या प्रमाणाबरोबर तेच ९ मिमीचे रूळ वापरतात आणि त्याला ओओ-९ म्हणतात. परंतु १ : ७६ च्या हिशोबाने अडीच फुटांचे १० मिमी व्हायला हवेत, त्यामुळे ओओ-९ मधील मार्ग शकुंतला किंवा बार्शी यांच्यासाठी एक मिलिमीटर अरुंद पडतो. हाताला आणि डोळ्याला अधिक सोपे असे ओएन-३० हे १ : ४८ प्रमाण १६.५ मिमीच्या रुळांवर चालते. तेथे अचूक माप १५.९ मिमी असायला हवे.

भारतीय छंदकाराच्या दृष्टीने हा हिशोब थोडा गमतीचा ठरतो. भारतीय ब्रॉडगेजचे १ : ८७ मधील अचूक गेज १९.२ मिमी होते. पण तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, म्हणून भारतीय ब्रॉडगेजच्या प्रतिकृती १६.५ मिमीच्या रुळांवरच चालवाव्या लागतात. मूळ मार्गाच्या मापात बोलायचे तर जवळपास २४ सेंमी गायब होतात. मीटरगेजचे अचूक माप ११.५ मिमी आणि उपलब्ध रूळ १२ मिमीचे. तिन्ही गेजांत सर्वांत खरे उतरते ते अडीच फुटी नॅरोगेजच.

दोन फुटी माथेरान मार्गाचे गणित वेगळे आहे. १ : ८७ मध्ये त्याचे ७ मिमी होतात, झेड प्रमाणाचे ६.५ मिमीचे रूळ त्याला जवळचे, पण त्या आकाराची यंत्रणा नाजूक व महाग असते. १ : ७६ प्रमाण घेतले तर ८ मिमी लागतात आणि ९ मिमीचे रूळ थोडे रुंद दिसतात. बहुतेक जण दुसरी तडजोड स्वीकारतात.

नॅरोगेजचे रूप नुसत्या अरुंद रुळांनी येत नाही. ते येते डब्याची रुंदी आणि गेज यांच्या गुणोत्तरातून. भारतीय ब्रॉडगेजचा आयसीएफ पद्धतीचा प्रवासी डबा ३२४५ मिमी रुंद असतो, म्हणजे गेजच्या सुमारे १.९ पट. बार्शी लाइट रेल्वेच्या वाघिणींचा सांगाडा ७ फूट (२१३४ मिमी) रुंद होता, म्हणजे गेजच्या २.८ पट. अरुंद पायावर तोल सांभाळत डुलत जाणारी गाडी असे जे चित्र मनात असते, ते या गुणोत्तराचे चित्र होय. प्रतिकृती करताना डबा दोन-तीन मिलिमीटर अरुंद झाला तर बाकी सारे बरोबर असूनही गाडी खेळण्यासारखी दिसू लागते.

नमुना म्हणून शकुंतला रेल्वे

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग लोकांत शकुंतला या नावाने ओळखला जातो. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग वऱ्हाडातील कापूस मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी टाकण्यात आला. त्याची एकूण लांबी सुमारे १९० किमी आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ शाखा सुमारे ११३ किमी आणि मूर्तिजापूर–अचलपूर शाखा सुमारे ७६ किमी. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, अचलपूर अमरावती जिल्ह्यात, तर यवतमाळ शाखेवरील कारंजा वाशिम जिल्ह्यात येते. वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले वाशिम शहर अकोला–पूर्णा या एकेकाळच्या मीटरगेज मार्गावर आहे आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. एकाच जिल्ह्याने अशा प्रकारे तिन्ही गेज पाहिले आहेत.

शकुंतलेवर वाफेची इंजिने १९९४ पर्यंत चालली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले इंजिन या मार्गावर सुमारे सात दशके राबले. त्यानंतर झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने आली. भारतीय रेल्वेच्या वर्गनामांत 'झेड' हे अक्षर अडीच फुटी गेज दर्शवते, 'डी' डिझेल आणि 'एम' प्रवासी व माल अशा मिश्र कामासाठी. दोन फुटी गेजसाठी 'झेड'च्या जागी 'एन' येते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शकुंतलेच्या गाड्या बंद पडल्या आणि २०१६ मध्ये मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतराला मंजुरी देण्यात आली.

छंदकाराच्या दृष्टीने या मार्गाचे काही गुण विशेष उपयोगी आहेत. अखेरच्या काळात प्रत्येक शाखेवर दिवसातून एखादीच गाडी धावत असे. म्हणून एक इंजिन आणि तीन-चार डबे एवढ्या सामग्रीत वास्तवाला धरून असलेले संचलन दाखवता येते. गाडीचा वेग कमी असल्याने प्रतिकृतीही संथ चालवावी लागते, आणि लहान मांडणीत गाडी चटकन टोकाला पोहोचण्याची अडचण आपोआप कमी होते. मार्ग पठारी मुलखातून जातो. बोगदे आणि उंच पूल यांचे अवघड काम पहिल्याच प्रयत्नात अंगावर येत नाही. कापूस, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गाठींनी भरलेल्या वाघिणी हे मार्गाच्या अस्तित्वाचे कारण असल्याने एका सायडिंगच्या मांडणीतही मार्गाची सारी कथा सांगता येते.

उणीव एकच, पण मोठी: या मार्गाच्या इंजिन-डब्यांच्या तयार प्रतिकृती मिळत नाहीत. जे करायचे ते मोजून करायचे आहे, आणि मोजण्याजोगी वस्तू दर वर्षी कमी होत आहे.

बार्शी आणि माथेरान

बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी येथे एक साधा सिद्धान्त राबवला: प्रत्येक वाहनाच्या प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो. इंजिनाचे वजन वाटून घेण्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ चालक चाकांची इंजिने बांधली. मालवाहू वाघिणींसाठी २५ फूट बाय ७ फुटांचा दाबीव पोलादाचा एकच सांगाडा ठरवण्यात आला आणि त्यावर वेगवेगळ्या प्रकारच्या वाघिणी उभ्या केल्या गेल्या. हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढून सुमारे ३२५ किमीचा झाला; १९५४ मध्ये तो सरकारने घेतला.

कॅलथ्रॉप यांचा एकच सांगाडा नवशिक्या छंदकारासाठी वरदान आहे. १ : ८७ मध्ये तो ८७.५ मिमी लांब आणि २४.५ मिमी रुंद होतो. एकदा तो नीट जमला की त्याच्यावर उघडी, झाकलेली, सपाट अशा वाघिणी एकामागून एक करता येतात. कॅलथ्रॉप यांनीच नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटी मार्ग बांधला. १९०४ ते १९३४ असे अवघी तीस वर्षे चाललेल्या या मार्गाची इंजिने बार्शीच्या इंजिनांच्या वळणाची होती. ब्रिटिश छंदकारांत तो मार्ग लोकप्रिय असल्याने त्याची रेखाचित्रे आणि छायाचित्रे पुस्तकांतून मुबलक मिळतात, आणि बार्शीच्या गाड्यांची बांधणी समजून घ्यायला ती उपयोगी पडतात.

नेरळ–माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला; तो उभारण्यात आदमजी पीरभॉय घराण्यातील अब्दुल हुसेन यांचा पुढाकार होता. सुमारे २० किमीच्या या घाटमार्गावर काही ठिकाणी १ : २० चा चढ असून सर्वांत तीव्र वळणांची त्रिज्या १८.२५ मी आहे. १ : ८७ मध्ये ही त्रिज्या २१ सेंमी होते. भारतीय ब्रॉडगेजवर तीव्रतम वळणाची त्रिज्या सुमारे १७५ मी असते, म्हणजे त्याच प्रमाणात दोन मीटर. घरात एवढे वळण कोणालाच परवडत नाही, म्हणून ब्रॉडगेजच्या मांडणीत वळणे नाइलाजाने अवास्तव तीव्र होतात. माथेरानचे वळण मात्र लिहिण्याच्या टेबलावर खऱ्या मापाने मावते. चढ मात्र खऱ्या मापाने करू नये. १ : २० चा चढ प्रतिकृतीचे हलके इंजिन दोन डब्यांसह क्वचितच चढते, त्यामुळे १ : ३० ते १ : ४० वर थांबणे बरे.

छंदाचा पूर्वेतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने खेळण्यातील रेल्वेसाठी ठरावीक गेज रूढ केले. नॅरोगेजकडे मात्र दीर्घकाळ थोड्याच हौशी कारागिरांचे लक्ष होते. ब्रिटनमध्ये पी. डी. हॅन्कॉक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर उभारलेल्या आणि मासिकांतून प्रसिद्धी पावलेल्या काल्पनिक नॅरोगेज मार्गाने अनेकांना प्रेरणा दिली. १९६० च्या दशकात एन प्रमाणाचे ९ मिमी रूळ व यंत्रणा बाजारात आल्यावर खरा पालट झाला. त्याच दशकात जर्मनीत एचओई मापाच्या तयार गाड्या निघू लागल्या आणि १९६८ मध्ये बागेत चालवण्याच्या ४५ मिमी गेजच्या मोठ्या गाड्याही आल्या. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ओओ-९ छंदकारांची संस्था स्थापन झाली.

महाराष्ट्रात प्रमाणबद्ध प्रतिकृतींची परंपरा लहान असली तरी हाताने देखावे उभारण्याची सवय जुनी आहे. घरगुती गणपतीपुढील चलदेखावे आणि पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीत अंगणात उभे राहणारे मातीचे किल्ले ही तिची उदाहरणे होत. दगड रचून त्यावर पोते टाकणे, माती लिंपणे, अळीव पेरून हिरवळ उगवणे ही कौशल्ये प्रतिकृती रेल्वेच्या देखाव्यात जशीच्या तशी उपयोगी पडतात. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी कोणाची तक्रार नसते. प्रतिकृती रेल्वेत मात्र ती असते, आणि या दोन कलांतील मुख्य फरक एवढाच आहे.

मोजमाप

शकुंतलेसारख्या मार्गाची प्रतिकृती रेखाटनापासून सुरू होते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. गाड्या बंद असल्या तरी जमीन रेल्वेचीच राहते. त्यामुळे मोजमापासाठी परवानगी घ्यावी किंवा रस्त्यावरील फाटकापाशी, सार्वजनिक जागेतून दिसेल तेवढेच टिपावे. ७६२ मिमीची इंजिने आणि डबे जवळून पाहण्यासाठी नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय ही विदर्भातील सर्वांत सोयीची जागा आहे.

वस्तूशेजारी दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवलेली काठी उभी करून छायाचित्र घेतले, तर पट्टीने न मोजता आलेली मापेही नंतर काढता येतात. छायाचित्र समोरून, शक्य तितक्या दूरून आणि भिंगाची दिशा वस्तूच्या पृष्ठभागाला काटकोनात ठेवून घ्यावे. जवळून घेतलेल्या चित्रात कडा वाकतात आणि मापे फसतात. गेज स्वतःच एक मोजपट्टी आहे: जुन्या छायाचित्रात गाडी समोरून दिसत असेल, तर रुळांमधले ७६२ मिमी धरून डब्याची रुंदी आणि उंची काढता येते. बंद पडलेल्या मार्गांच्या बाबतीत अनेकदा हाच एक मार्ग उरतो.

दारे-खिडक्यांच्या संख्येपेक्षा डब्याची रुंदी, जमिनीपासून फरशीची उंची आणि चाकांच्या जोड्यांतील अंतर ही तीन मापे आधी घ्यावीत. बाकीचे तपशील छायाचित्रावरून भरता येतात.

पहिली वाघीण आणि पहिले इंजिन

सुरुवात इंजिनाने करण्याचा मोह बहुतेकांना होतो. अनुभवी छंदकार सहसा वाघिणीने सुरुवात करण्याचा सल्ला देतात, कारण तिच्यात मोटर नसते आणि चूक झाली तर नुकसान थोडे होते. सांगाड्यासाठी १ मिमी आणि भिंतींसाठी अर्धा मिमी जाडीचे पॉलिस्टायरीनचे पत्रे वापरतात. ते धारदार पात्याने चिरा पाडून मोडता येतात आणि द्रावकाने चिकटतात. ते न मिळाल्यास जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याला पातळ लाखेचा हात देऊनही चांगली वाघीण होते. चाके मात्र तयार धातूचीच घ्यावीत. लहान वाघीण फार हलकी असेल तर वळणावर रुळांवरून उतरते. फरशीखाली शिशाचा किंवा पोलादाचा तुकडा चिकटवला की ती स्थिर होते.

इंजिनासाठी रूढ पद्धत अशी: एन प्रमाणाचे एखादे साधे डिझेल इंजिन घ्यावे, त्याचे वरचे कवच काढावे आणि मोटर, दातेरी चक्रे, चाके असलेली चासी तशीच ठेवून तिच्यावर १ : ८७ मापाचे नवे कवच बसवावे. झेडडीएम वर्गाची इंजिने या पद्धतीला सोयीची आहेत, कारण त्यांचा आकार पेटीसारखा असतो आणि चाके बरीचशी झाकलेली असतात. एन प्रमाणातील ६.३ मिमी व्यासाचे चाक १ : ८७ च्या हिशोबाने सुमारे ५५ सेंमीचे ठरते, म्हणजे थोडे लहान, बाजूच्या चौकटी चिकटवल्या की हा फरक लक्षात येत नाही. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. त्याचे दांडे आणि चाके उघडी असतात आणि तेथील तडजोड लगेच दिसते. म्हणून वाफेचे इंजिन दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेले बरे.

अलीकडे कवच त्रिमितीय छपाईने करण्याची सोय झाली आहे. संगणकावर आराखडा एकदा तयार झाला की तो कितीही वेळा छापता येतो आणि इतरांना देता येतो. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या तारेने छापलेल्या कवचावर थरांच्या रेषा दिसतात. रेझिनने छापलेले अधिक सुबक होते आणि रिव्हेटही उठून दिसतात. ज्या मार्गाच्या तयार प्रतिकृती कोणी विकत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत विशेष महत्त्वाची आहे.

फळी, रूळ आणि वीज

पहिल्या मांडणीसाठी १२०० × ३०० मिमीची एक फळी पुरेशी असते. १२ मिमी प्लायवुड खाली पट्ट्यांची चौकट देऊन वापरले तर ते वाकत नाही. त्यावर दोन सांधे आणि तीन मार्ग बसतात: एकात पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. जगभर रूढ असलेला हा शंटिंगचा खेळ आहे. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच त्या लांब मार्गावर जोडायच्या. संभाव्य क्रम ६७२० होतात, त्यामुळे खेळ लवकर संपत नाही. कापसाच्या गाठींच्या सायडिंगला हा आराखडा स्वाभाविक दिसतो.

तयार ९ मिमी रुळांची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. हलक्या मार्गांवर वापरले जाणारे, गजामागे ३० पौंड वजनाचे रूळ सुमारे ८ सेंमी उंच असतात. १ : ८७ मध्ये ते ०.९ मिमी होतात. बाजारातील सामान्य रूळ २ मिमी उंच असतात. हा जाडेपणा लपवण्याचा सोपा उपाय खुद्द नॅरोगेजनेच सुचवला आहे: माती, गवत आणि खडी रुळांच्या निम्म्या उंचीपर्यंत भरावी. देखभाल थांबलेल्या मार्गावर तसेच दिसते. एन प्रमाणाच्या रुळांचे स्लीपर मात्र फार लहान आणि दाट असतात. शक्य असेल तर नॅरोगेजसाठी बनवलेले, विरळ स्लीपरांचे रूळ घ्यावेत.

गाडी १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते. दोन रूळ हेच दोन तारांचे काम करतात. एकच इंजिन असेल तर साधा नियंत्रक पुरतो, अंकीय नियंत्रणाचा खर्च करण्याचे कारण नाही. लहान इंजिन अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा मोटर नसून रुळांवरची धूळ असते. चालवण्यापूर्वी प्रत्येक वेळी रूळ कापडाने पुसणे हा या छंदातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत आवश्यक नियम आहे.

काळी माती आणि देखावा

वऱ्हाडातील मार्गाचा देखावा करायचा तर काळी माती हवी, आणि ती रंगाने दाखवण्यापेक्षा खरीच वापरलेली चांगली दिसते. शेतातील माती उन्हात वाळवून, कुटून वस्त्रगाळ करावी आणि कीड मरण्यासाठी तव्यावर भाजून घ्यावी. त्यानंतर कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यातून अनेकदा फिरवावे. ही पायरी गाळता येत नाही: दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत लोहयुक्त चुंबकीय कण असतात आणि ते उडून इंजिनाच्या मोटरीतील चुंबकाला चिकटतात. दुसऱ्या प्रदेशांतील छंदकारांना विकतची भुकटी वापरल्याने ही अडचण सहसा येत नाही.

माती पसरण्याआधी पृष्ठभागावर फेविकॉलचा हात द्यावा, माती चाळणीने भुरभुरावी आणि पाणी मिसळलेल्या फेविकॉलमध्ये भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ते मिश्रण पिचकारीच्या सुईने थेंबथेंब सोडावे. साबणामुळे द्रावण मातीवर न थांबता आत मुरते. थर जाड झाला तर काळी माती आपल्या स्वभावाप्रमाणे सुकताना तडकते. तीन मिलिमीटरची भेग १ : ८७ मध्ये पाव मीटरहून मोठी ठरते, म्हणून पातळ थर दोनदा द्यावेत. उन्हाळ्यातील भेगाळलेले शेत मुद्दाम दाखवायचे असल्यास भेगा सुईने कोरलेल्या बऱ्या.

बाभळीसाठी बारीक फाटे फुटलेल्या वाळक्या काड्या, लहान झुडपांसाठी तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या आणि गवतासाठी तागाचे कापलेले धागे चालतात. कापसाच्या गाठी लाकडाच्या चौकोनी तुकड्यांना मळकट सुती कापड गुंडाळून आणि दोऱ्याचे पट्टे बांधून होतात.

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून अधिक. निकेल-सिल्व्हरचा तीन मीटर लांबीचा रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात घट्ट जोडलेला मार्ग मे महिन्यात सापासारखा वळतो. प्रत्येक जोडावर अर्धा मिलिमीटर फट ठेवावी आणि सगळे जोड डाग देऊन बंद करू नयेत. पावसाळ्यात उलट लाकूड फुगते, म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना रंग लावणे आवश्यक ठरते.

पाहण्याची ठिकाणे

पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे अनेक गाड्या एकाच वेळी धावणारी मोठी मांडणी पाहता येते. सिग्नल, सांधे आणि गाड्या यांचा मेळ कसा घातला जातो हे समजण्यासाठी ती उपयोगी आहे. नागपूरच्या नॅरोगेज संग्रहालयात खरी इंजिने आणि डबे आहेत, तर नेरळ–माथेरान मार्गावर दोन फुटी गाडीत बसण्याचा अनुभव घेता येतो. माथेरानची जुनी वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीची होती. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक ब्रिटनमध्ये जतन केलेले आहे.